टाइपरायटरची बटणं, मिरवणुकीचा ठेका

रे रोडपर्यंत आगगाडी आली ती 12 डिसेंबर 1910 रोजी. कुर्ल्याहून निघालेली हार्बरची गाडी इथेच संपायची, आणि ती ओढायला वाफेचं इंजिन असे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव या भागाला आधीच मिळालेलं होतं. पुढे हा मार्ग बोरीबंदरला जोडला गेला आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याकडे याच रुळांवरून, रे रोडवरूनच गेली. वाफ आणि वीज यांच्यात या स्टेशनाने जेमतेम पंधरा वर्षांचं अंतर पाहिलं.

या पंधरा वर्षांच्या आतच, 1912 साली, जपानमधल्या नागोया शहरात एक वाद्य जन्माला आलं. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, आणि त्या तारांवर टाइपरायटरची बटणं. हे वाद्य समुद्रमार्गे हिंदुस्थानात आलं. इथे कुणी त्याला बुलबुलतरंग म्हटलं, पण लालबाग-परळ, घोडपदेव, माझगाव, वरळी, गिरगाव इथल्या मिरवणुकींत ते ‘बेंजो’ म्हणूनच रुजलं. त्याला वीज जोडली गेली, ते टेम्पोवर चढलं आणि मुंबईच्या रस्त्याला नाचवू लागलं. हे प्रकरण या वाद्याबद्दल आणि त्यावर वाजणाऱ्या गाण्यांबद्दल आहे. ती गाणी मूळची दुसऱ्या कुणाची तरी असतात. पण बेंजोवर वाजलेलं गाणं म्हणजे निव्वळ उसनं गाणं, ही समजूत मला चुकीची वाटते. का, ते सांगायला आधी थोडं लांबून यावं लागेल.

पाश्चात्त्य देशांत ‘स्टीमपंक’ नावाचा एक कलाप्रकार आहे. अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी 1987 साली ‘लोकस’ या मासिकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द वापरला. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या काळातली वाफेची यंत्रं, पितळी चाकं, दट्टे, घड्याळांचे दाते हे सगळं मागे पडलंच नाही, उलट त्यातूनच भविष्य घडलं, अशी ही कल्पना. आधी कादंबऱ्या आल्या, मग पोशाख, मग संगीत. सिअ‍ॅटलचा अ‍ॅबनी पार्क हा वाद्यवृंद व्हायोलिन आणि विजेचा ठेका एकत्र आणतो. सॅन दिएगोचे स्टीम पॉवर्ड जिराफ हे कलाकार चेहरे रंगवून वाफेवर चालणारे यंत्रमानव होऊन गातात. या संगीतावर लोक मनसोक्त नाचतात. त्याच्या आसपास जुनी गाणी नव्या यंत्रांवर आणि नवी गाणी जुन्या वाद्यांवर वाजवण्याचा मोठा शौकही फोफावला आहे. स्टीमपंकवाल्यांना हा जुना यंत्रकाळ कल्पनेने उभा करावा लागतो. आपल्याकडे तो दर भाद्रपदात भारतमाता चित्रपटगृहापासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत प्रत्यक्ष वाजत असतो, आणि वाजवणाऱ्याला स्टीमपंक हा शब्द ठाऊक असण्याचं काही कारण नसतं.

नागोयात हे वाद्य घडवणाऱ्या माणसाचं नाव कावागुची निसाबुरो. वादक म्हणून तो मोरिता गोरो या नावाने ओळखला जाई. दोन तारांचं पारंपरिक कोतो वाजवण्यात तो तरबेज होता. तारेच्या वाद्यावर स्वर नेमका कुठे दाबायचा हे कळायला वर्षं जातात. कानाला आणि बोटाला दोघांनाही शिकावं लागतं. टाइपरायटरवर मात्र अक्षर शोधावं लागत नाही, बटण दाबलं की ते उमटतं. या दोन गोष्टी मोरिताने एकत्र आणल्या. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्य ताइशोगोतो झालं. स्वस्त, हलकं, घरातल्या कुणालाही वाजवता येईल असं ते वाद्य जपानभर पसरलं आणि जहाजांनी बाहेरही गेलं. झांझिबारच्या तआरब संगीतात ते आहे, बलुचिस्तानात त्याचा मोठा भाऊ बेंजू आहे, बाली बेटावरही त्याची एक शाखा आहे. हिंदी महासागराच्या काठाकाठाने, बंदरामागून बंदर असा हा प्रवास आहे. मुंबई त्या वाटेवरच होती. अमेरिकेतला कातड्याने मढवलेला गोल बँजो हे वेगळंच वाद्य; त्याचा याच्याशी नात्याचा संबंध नाही.

टाइपरायटर आणि लालबाग यांचंही एक जुनं नातं आहे. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली कुलपं बनवायला सुरुवात केली ती लालबागमधल्या बॉम्बे गॅस वर्क्सला लागून असलेल्या एका छोट्या शेडमध्ये. त्याच गोदरेज आणि बॉइस कंपनीने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. तोवर लालबाग-परळचं गिरणगाव हे यंत्र हाताळणाऱ्यांचं गाव झालेलं होतं. साचा, बॉबिन, धोटा, पट्टा यांच्याशी इथल्या घराघराचा रोजचा संबंध. दांडी, स्प्रिंग आणि बटण असलेलं वाद्य अशा वस्तीत परकं वाटण्याचं कारणच नव्हतं. ते बिघडलं तर उघडून दुरुस्त करणारे हात शेजारच्याच खोलीत होते.

आता पेटी उघडूनच पाहू.

बेंजोच्या तारा दोन प्रकारच्या असतात. मधल्या तारांवर गाणं वाजतं, बाजूच्या तारा सतत एकच स्वर धरून झणझणत राहतात. गाण्याच्या तारांखाली धातूचे पडदे बसवलेले असतात आणि वर बटणांची रांग. बटण दाबलं की त्याची दांडी तारेला खालच्या पडद्यावर टेकवते. तिथून पुढची तारच तेवढी कंप पावते. तार जितकी आखूड, तितका स्वर उंच. तार निम्मी केली की स्वर बरोबर वरच्या सप्तकात जातो. सप्तकातल्या बारा स्वरांसाठी पडद्यांमधली अंतरं सारखी ठेवून चालत नाही. समजा, मोकळी तार 50 सेंटीमीटर आहे. मग पहिला पडदा सुमारे 2.8 सेंटीमीटरवर बसवावा लागतो, आणि सप्तकाच्या शेवटच्या दोन पडद्यांत फक्त 1.5 सेंटीमीटर उरतात. टाइपरायटरची बटणं सारख्या अंतरावर असली तरी चालतं, बेंजोला ते परवडत नाही. पडदा केसभर सरकला तरी स्वर बेसूर होतो, आणि वादकाला तो बोटाने सावरून घेता येत नाही, कारण बोट तारेपर्यंत पोचतच नाही. वाद्य बनवणाऱ्याचा हात जितका सच्चा, तितकाच वादक सुरात.

बटणांमुळे मिळालेली सोय मोठी, पण तिची किंमतही तेवढीच मोठी. व्हायोलिनवर, सारंगीवर, सतारीवर एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं. ती मींड आपल्या गाण्याचा प्राण आहे. प्रभाकर जोग यांच्या ‘गाणारं व्हायोलिन’मध्ये मराठी भावगीतांचे शब्दसुद्धा ऐकू आल्यासारखे वाटत, ते या घसरण्यातूनच. बेंजोवर हे जवळजवळ अशक्य. बटण दाबलेलं असतं किंवा नसतं. अधलंमधलं काही नाही. फार तर बटण जोराने दाबून तार थोडी ताणता येते आणि स्वर किंचित चढवता येतो. दुसरी अडचण अशी की छेडलेली तार लगेच विझते. गायकाने चार मात्रा लांबवलेला स्वर बेंजोवर एका आघातात मावत नाही.

या दोन अडचणींवर मुंबईच्या वादकांनी शोधलेले उपाय, माझ्या मते, या वाद्याची खरी शैली आहेत. लांब स्वर असेल तिथे उजव्या हातातली नखी तारेवर इतक्या वेगाने मागेपुढे फिरते की एकेक आघात वेगळा ऐकू येत नाही, स्वर थरथरत पुढे सरकतो. आणि मींडेच्या जागी येते ती डाव्या हाताची एक युक्ती, जी या यंत्राच्या रचनेतच दडलेली आहे. दोन बटणं एकदम दाबली तर तार आखूड करणारं वरचं बटणच वाजतं, खालचं गप्प राहतं. म्हणजे एक बोट खालच्या स्वरावर रोवून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने वरचं बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबून सोडायचं: स्वर क्षणात वर उडी मारतो आणि परत जागेवर येतो. गळ्यातली मुरकी जिथे येईल तिथे ही टिचकी येते. ऐकणाऱ्याला गाणं ओळखीचं वाटतं, पण त्याची कड धारदार झालेली असते. मूळ गाण्यात जे गुळगुळीत होतं ते इथे तुकड्यातुकड्यांत, ठसठशीत होऊन येतं. आणि नाचायला नेमकं हेच लागतं, कारण पाय घसरत्या स्वरावर पडत नाहीत, आघातावर पडतात.

वीज या वाद्यात आली ती तारेखाली बसवलेल्या पिकअपमधून. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालून पिकअप बनतो. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने 1831 साली सिद्ध केलेलं तत्त्व ते हेच. अमेरिकेत 1930च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीची विजेची गिटार याच तत्त्वावर निघाली. बेंजोच्या पेटीचा स्वतःचा आवाज इतका नाजूक की खोलीबाहेर जाणार नाही. पण पिकअपमधून अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅम्प्लिफायरमधून कर्णा, अशी वाट मिळाली की तोच आवाज चौकाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. वाटेत तो बदलतोही. कर्ण्यातून खालचे स्वर नीट निघत नाहीत, मधले आणि वरचे मात्र टोचतात. अ‍ॅम्प्लिफायरवर जास्त ताण दिला की स्वराच्या कडा फाटतात. बेंजोचा जो झणझणीत, किंचित चिरका, ढोलताशांच्या गदारोळातूनही आरपार येणारा नाद आपल्याला माहीत आहे, तो जपानच्या पेटीत नव्हता. तो इथल्या भोंग्यांत घडला.

बेंजो पार्टीत, म्हणजे वाद्यपथकात, बेंजो एकटा नसतो. मागे की-बोर्ड असतो, ज्याला कंपनी कुठलीही असो सगळे कॅसिओच म्हणतात. ऑक्टोपॅड असतो: जपानच्या रोलँड कंपनीने 1985 साली आणलेलं आठ रबरी पट्ट्यांचं वाद्य. पट्टीवर काठी पडली की आघाताचं रूपांतर विजेच्या इशाऱ्यात होतं आणि साठवलेला कुठलाही आवाज वाजतो, मग तो ढोलकीचा असो, डफाचा असो की काचेच्या फुटण्याचा. त्याच्या शेजारी खरी ढोलकी, खरा ताशा, मोठा ढोल, कुठे ट्रम्पेट. कातडं, पोलाद, रबर, पितळ आणि विद्युतमंडल एका टेम्पोवर. जनरेटर चालतो डिझेलवर. पार्टीतली बहुतेक मुलं दिवसा दुसरं काम करतात आणि संध्याकाळी तालमीला जमतात. सुपारी मिळते ती दहीहंडीपासून: गणपती, नवरात्र, लग्नसराई, शिमगा, आणि 14 एप्रिलची आंबेडकर जयंती. वरळी बीट्स, जोगेश्वरी बीट्स अशी वस्तीचं नाव पुढे लावणारी पथकं आता रस्त्याबाहेरही ओळखली जातात.

गाणं बसवताना ही मुलं काय करतात, ते तालमीत बसून ऐकण्यासारखं असतं. चित्रपटातलं गाणं हे कथेसाठी बांधलेलं असतं. त्यात मुखडा, मधलं संगीत, अंतरा असा क्रम ठरलेला. मिरवणुकीला कथा नसते, चाल असते. म्हणून पहिली काटछाट अंतऱ्यांची. मुखड्यातली जी ओळ लोकांच्या ओठांवर आहे ती पुढे येते, आणि बरेचदा शब्दांच्या ओळीपेक्षा मधल्या संगीताचा एखादा छोटा तुकडाच गाण्याचा मालक होऊन बसतो. लय वाढवली जाते. मूळ गाण्यात व्हायोलिनांनी भरलेली जागा बेंजोच्या थरथरीला मिळते, बासरीची जागा कॅसिओला, आणि गायकाच्या श्वासाची जागा ताशाच्या तोड्याला. दोन गाण्यांच्या सीमेवर मोठं कसब लागतं: पहिल्याचा शेवटचा स्वर दुसऱ्याच्या पट्टीत बसला पाहिजे, नाहीतर नाचणाऱ्यांचा पाय अडखळतो. मग कोळीगीताच्या झुलत्या ठेक्यावरून हिंदी गाण्याच्या सरळ चालीवर, तिथून आरतीवर आणि पुन्हा कोळीगीतावर असा प्रवास न थांबता चालतो. सलग वाजवणं हा इथला पहिला धर्म आहे. मिरवणूक थांबली तरी संगीत थांबून चालत नाही.

2016चं उदाहरण घ्या. ‘सैराट’ चित्रपट 29 एप्रिलला आला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन मोठ्या सिंफनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं होतं. ‘झिंगाट’ मात्र आपल्या वरातीच्या नाचाच्या मुशीत घडलेलं. त्या वर्षीच्या गणपतीत ते जिथे तिथे बेंजोवर होतं. रस्त्याच्या नाचातून उचललेली चाल स्टुडिओत गेली, पडद्यावर आली आणि काही महिन्यांत रस्त्यावरच परतली, यावेळी पोलादी तारांवर. यात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, हे ठरवायला बसणाऱ्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

अशी उलटसुलट देवाणघेवाण या शहरात जुनीच आहे, आणि तिचा सगळ्यात सुंदर दाखला गिरगावातून निघतो. कल्याणजी-आनंदजी या संगीतकार बंधूंच्या वडिलांचं, वीरजी शहांचं, गिरगावात किराणामालाचं दुकान होतं. संगीतकार म्हणून नाव होण्याआधी कल्याणजी वादक होते आणि त्यांच्याकडे क्लॅव्हिओलिन नावाचं वाद्य होतं. फ्रान्समधल्या कॉन्स्टँट मार्टिन यांनी 1947 साली बनवलेलं, व्हॉल्व्हवर चालणारं, एका वेळी एकच स्वर काढणारं विजेचं वाद्य. 1954च्या ‘नागिन’ चित्रपटाला संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगी गारुड्याची नाही, ती कल्याणजींच्या क्लॅव्हिओलिनची आहे. म्हणजे दुधीभोपळ्याच्या वाद्याची विजेने केलेली प्रतिकृती. देशाने तीच खरी पुंगी मानली. पुढे ब्रास बँडवाल्यांनी ती सनईसारख्या तोंडाने वाजवायच्या क्लॅरिनेटवर उतरवली, बेंजोवाल्यांनी तारांवर, ऑर्केस्ट्रावाल्यांनी कॅसिओवर. आजही ती सुरू झाली की वरातीत कुणीतरी रुमाल तोंडाला लावून गारुडी होतो आणि कुणीतरी जमिनीवर लोळतो. इंग्लंडमध्ये टोर्नेडोज या वाद्यवृंदाचं ‘टेलस्टार’ 1962 साली याच वाद्याने गाजवलं, मुंबईनंतर आठ वर्षांनी.

विजेच्या वाद्यांवर ओळखीची गाणी वाजवायची, ही मुंबईतल्या वादकांची मोठी परंपरा आहे. व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या तबकड्या काढल्या. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अ‍ॅकॉर्डियनच्या तबकड्या घराघरांत होत्या. आणि चरणजित सिंग. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारा हा माणूस 1982 साली एचएमव्हीसाठी एक तबकडी करून गेला: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. रोलँडची तीन यंत्रं त्यांनी एकमेकांना जोडली होती, ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-303 हे बासचं यंत्र. शिकागोत याच टीबी-303च्या किरकिरीतून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नृत्यसंगीत जन्मलं. त्यातलं गाजलेलं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ 1987चं. चरणजितांची तबकडी तेव्हा कुणी फारशी विकत घेतली नाही. 2010 साली नेदरलँड्सच्या एका कंपनीने ती पुन्हा काढली आणि जगभरचे नृत्यसंगीतकार चकित झाले. सत्तरी गाठलेल्या चरणजितांना युरोपच्या मंचांवर बोलावणी आली. 2015 साली ते मुंबईत वारले. कुठल्या तबकडीत पुढचं जग दडलेलं असेल हे तेव्हाच्या बाजाराला कळलं नाही. बेंजोच्या बाबतीतही आपण तीच चूक करू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्याचं गाणं वाजवण्याला कायदा काय म्हणतो, हेही इथे सांगायला हवं, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन कलम 31 सी आलं. एखाद्या गाण्याची नवी आवृत्ती ध्वनिमुद्रित करून विकायची असेल, तर मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि दरवर्षी किमान 50,000 प्रतींचं मानधन भरावं लागतं. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. 1980च्या दशकात कॅसेट कंपन्यांनी जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजांतल्या आवृत्त्यांचा जो पूर आणला, तो कायद्यातल्या त्याही आधीच्या तरतुदीच्या आधाराने. पण प्रत्यक्ष वादनाला, तेही खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात, याच कायद्याच्या कलम 52ने सूट दिली आहे, आणि लग्नाची वरातही त्या स्पष्टीकरणात नावानिशी आहे. त्यामुळे गेल्या महिन्यात आलेलं गाणं आज वरातीत वाजतं ते चोरून नव्हे. कायदा करणाऱ्यांना या देशातली वरात ठाऊक होती, याचा मला आनंद वाटतो.

आवाजाच्या नियमांचं प्रकरण अधिक कठीण आहे आणि त्यात मी वादकांची बाजू आंधळेपणाने घेणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. चाळीतल्या आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला झोप लागते ती या नियमांमुळे. मात्र डेसिबलचं गणित लक्षात घ्यावं: दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते. ट्रकभर रचलेल्या डीजेच्या भिंती खालच्या स्वरांवर जी शक्ती ओततात, ती छातीवर आदळते, भिंतींतून आरपार जाते आणि खिडक्यांची तावदानं थरथरवते. बेंजोचा सगळा कारभार मधल्या आणि वरच्या स्वरांत. कर्णेही त्याच जातीचे. तो कानाला टोचेल, पण तीन गल्ल्यांपलीकडच्या पलंगाखाली जाऊन घुमणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018च्या गणेशोत्सवात डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. पण बेंजो, ढोल आणि डीजे या तिघांना एकाच मापाने ‘गोंगाट’ म्हणणं हे ऐकण्यातलं आळशीपण आहे. पहिल्या दोघांत माणसं वाजवतात, चुकतात, गर्दी बघून लय बदलतात; तिसऱ्यात तयार मुद्रण मोठं केलं जातं.

रवी जाधव यांनी 2016 साली ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट या मुलांवर काढला. रितेश देशमुख त्यात वादकाच्या भूमिकेत होता. रस्त्यावरच्या या वाद्याला मोठ्या पडद्यावर नायकपण मिळालं, एवढं त्याचं श्रेय नक्की.

रे रोडच्या पूर्वेला दारूखाना आहे. तिथे जुनी जहाजं फोडली जातात. भारताची पहिली विमानवाहू नौका विक्रांत 2014 साली इथेच तोडायला घेतली गेली आणि तिच्या पोलादातला काही भाग बजाज कंपनीने 2016च्या एका मोटरसायकलमध्ये वापरला. जुना धातू वितळवून त्याला नवा आकार देण्याचं काम या काठावर पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे, आणि गाण्याच्या बाबतीत बेंजोवाले तेच करतात: आकार जातो, धातू राहतो, आणि नव्या वस्तूवर घडवणाऱ्याच्या हातोड्याची खूण असते. मुळाशी ताडून पाहण्याऐवजी ती खूण ओळखायला शिकलं पाहिजे.

ती खूण आता एका नव्या वळणावर आहे. आजच्या की-बोर्डांत बेंजोचा आवाज आधीच साठवलेला मिळतो. एका पट्टीवर बोट ठेवलं की तारांची झणझण हुबेहूब येते, तारा लावाव्या लागत नाहीत, पावसात सूर उतरत नाही. काही पथकांनी तारांची पेटी सोडून हा मार्ग धरला आहे, आणि त्यांना दोष देता येणार नाही. ऐन भाद्रपदाच्या सरीत दर अर्ध्या तासाने तारा जुळवणं सोपं नाही. पण साठवलेल्या आवाजात प्रत्येक आघात सारखाच येतो. नखी तारेवर थोडी तिरकी पडली, बटण अर्धवट टेकलं, दोन तारांपैकी एक किंचित उतरली, यातून जो जिवंत खरखरीतपणा येतो तो त्यात नाही. वरच्या बटणाची ती टिचकीही तिथे तशी जमत नाही: की-बोर्डवर दोन पट्ट्या दाबल्या की दोन स्वर एकदम वाजतात, खालचा गप्प बसत नाही. यावर काही वादकांनी की-बोर्ड एका वेळी एकच स्वर काढेल असा लावून घेतला आहे, म्हणजे नव्या यंत्राला त्यांनी मुद्दाम जुन्या यंत्राची मर्यादा घातली. मोरिताच्या पेटीतली अडचण शंभराहून अधिक वर्षांनंतर सोय म्हणून मागून घेतली जाते आहे.